चौथा गडी

मेंढीकोटाला चार जण लागतात. तिघांत डाव जमत नाही, आणि पाचवा आलाच तर कोणाच्या तरी पाठीमागे बसून फुकटचे सल्ले देण्यापलीकडे त्याला काम उरत नाही. म्हणून पत्ते कुटणाऱ्यांची खरी चिंता पत्त्यांची नसते, चौथ्या गड्याची असते. कॅट फाटका असला, इस्पिकची सत्ती हरवून तिच्या जागी सिगारेटच्या पाकिटाचा तुकडा आलेला असला, तरी चालतं. पण चौथा नसला की तिघं जण पारावर बसून नुसते रस्त्याकडे बघत राहतात आणि सायकलवरून जाणाऱ्या पोस्टमनकडेही भिडू म्हणूनच पाहू लागतात.

‘एक कमी आहे, ये ना भो.’ हे वाक्य गावातून गेलेलं नाही. ते पारावरून उठलं आणि फोनमध्ये जाऊन बसलं. पबजी, त्याचा भारतीय अवतार बीजीएमआय किंवा फ्री फायर खेळणाऱ्या पोरांचा स्क्वॉडही चारांचाच असतो. हे खेळ बनवणाऱ्यांनी मेंढीकोटाचं नाव ऐकलं असण्याचं काही कारण नाही. तरी चार हा आकडा अगदीच अंदाजपंचे नसावा. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं गप्पा मारणाऱ्या घोळक्यांचं निरीक्षण केलं तेव्हा त्याला दिसलं, की एका संभाषणात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की थोड्याच वेळात गप्पांचे दोन तुकडे होतात. लग्नाच्या मांडवात पंगतीनंतर खुर्च्या ओढून बसलेल्या पाहुण्यांकडे बघा, म्हणजे डनबारचा निबंध वाचायची गरज पडणार नाही.

ऑनलाइन खेळ आणि माणसांची संगत हा विषय निघाला की लिहिणारे कोरियातल्या सोलला जातात, तिथली रात्रभर उघडी असलेली संगणक-दुकानं दाखवतात. मी सायखेड्याला जाणार आहे. नाशिकपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरचं, निफाड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठचं हे बाजाराचं गाव. पूल ओलांडला की चांदोरी. इथं पिंपळगाव बसवंत बाजार समितीचा उपबाजार आहे, भोवती कांदा, द्राक्षं आणि ऊस आहे. खाली नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा असल्यामुळे पाण्याला फुगवटा येतो, वरून वाहत आलेल्या पाणवेली पुलाला अडकतात, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये किंवा ऑगस्ट २०१९ मध्ये झालं तसं नदी सरळ गावात येते. अशा गावाला संगत म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. पुरात कोणाच्या माळ्यावर कोणाचं सामान चढवलं होतं, हे इथं वर्षानुवर्षं लक्षात राहतं. ऑनलाइन खेळानं संगतीचं काय केलं हे पाहायचं तर ती जिथं आधीपासून भरपूर आहे तिथंच पाहावं. एकाकी माणसांच्या शहरात तर कोणताही खेळ उपकारच वाटेल.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. त्याआधी एक जीबी डेटा महिनाभर पुरवून वापरायची वस्तू होती, नंतर ती दिवसाची झाली. पबजी मोबाइल २०१८ च्या मार्चमध्ये जगभर आला. फ्री फायर त्याच्या थोडा आधीचा. तो हलका, पन्नास जणांचा, दहाएक मिनिटांत संपणारा, म्हणून वडिलांच्या जुन्या फोनवरही चालायचा. खेड्यापाड्यांत तो जास्त रुजला याचं कारण त्याचं कथानक नव्हतं. फोनमधली जागा होती.

पण मुळात खेळ हा बहाणा असतो, हे आपल्याला फोननं शिकवलेलं नाही. नाशिक जिल्ह्यातच, मालेगाव तालुक्यात, गिरणेच्या काठी चंदनपुरी आहे. खंडोबा म्हाळसेबरोबर सारीपाट खेळला, हरला, आणि पणाप्रमाणे बारा वर्षं घर सोडून चंदनपुरीत मेंढरं राखायला आला, तिथं बाणाई भेटली, अशी कथा वाघ्या-मुरळी गात आले आहेत. कथेतला डाव खरं तर नवरा-बायकोत काहीतरी घडावं म्हणून मांडलेला आहे. सोंगट्या हलतात तेव्हा माणसं बोलतात. हाच पचिशीचा खेळ इंग्लंडात गेला, सोपा झाला, आणि १८९६ मध्ये तिथं ‘लुडो’ म्हणून त्याचं पेटंटही काढलं गेलं. मग तो पुठ्ठ्याच्या पटावर सापशिडीच्या पाठीला पाठ लावून परत आला. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या गेमशन कंपनीच्या विकाश जयस्वाल यांनी त्याला फोनवर आणलं आणि नाव ठेवलं लुडो किंग. सारीपाटाची ही प्रदक्षिणा पूर्ण व्हायला शंभरावर वर्षं लागली.

लुडो किंगचा खरा हंगाम आला २०२० च्या टाळेबंदीत. त्या वर्षीच त्यात बोलण्याची सोयही आली. इथं एक गोष्ट घडली आणि तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही: बायका ऑनलाइन खेळू लागल्या. माहेरी आई, पुण्याला एक बहीण, नाशिकरोडला दुसरी आणि सासरी तिसरी, असा चौघींचा डाव. पारावर बायका कधी नव्हत्याच. त्यांची संगत पाणवठ्यावर, जात्यावर, भोंडल्यात, भुलाबाईत, मंगळागौरीत होती. यातलं जातं आधी गेलं, पाणवठा नळानं नेला, सणांचे खेळ वर्षाकाठी एखाद्या दिवसापुरते उरले. लुडोनं त्यांना रोजचं निमित्त दिलं. ‘काय बोलायचं रोज रोज’ असं म्हणून जो फोन दोन मिनिटांत ठेवला जायचा, तो पाऊण तास चालू लागला, कारण आता बोलायचं नव्हतं, खेळायचं होतं. बोलणं आपोआप होत होतं. ‘थांब, तुझी सोंगटी मारते’ आणि ‘आईचे गुडघे कसे आहेत’ ही दोन वाक्यं एका श्वासात येत होती.

पुस्तकी भाषेत याला काय म्हणतात ते सांगायला एक इंग्रज उपयोगी पडतो. १९७८ मध्ये इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी एक खेळ लिहिला, नाव ‘मड’. त्यात चित्र नव्हतं, नुसता मजकूर: तू एका दालनात आहेस, उत्तरेला दार आहे. पण एकाच वेळी अनेक माणसं वेगवेगळ्या ठिकाणांहून त्या दालनात शिरू शकत होती आणि एकमेकांशी बोलू शकत होती. पुढं १९९६ मध्ये बार्टलनं खेळाडूंचे चार प्रकार सांगितले आणि त्यांना नावं दिली पत्त्यांची. चौकटवाले खजिना गोळा करतात, गुण वाढवतात. इस्पिकवाले खणत राहतात, नकाशाचा कोपरान् कोपरा बघतात. किलवरवाल्यांना दुसऱ्याला ठोकण्यातच मजा येते. आणि बदामवाले? त्यांना खेळाशी देणंघेणं नसतं. ते माणसांसाठी आलेले असतात.

ही वाटणी मला फार आवडते, कारण ती पारावरही तंतोतंत लागू पडते. मेंढीकोटात प्रत्येक दश्शीचा हिशेब ठेवणारा एक असतो, कोट देऊन समोरच्याचं तोंड उतरलेलं बघायला बसलेला एक असतो, आणि एक असा असतो की ज्याला हुकूम कोणता आहे हे तिसऱ्यांदा सांगावं लागतं. तो हरतो, शिव्या खातो, दुसऱ्या दिवशी सगळ्यांत आधी येतो. तो बदाम. त्याला काढून टाका, डाव जास्त चांगला होईल आणि आठवड्यात बंद पडेल.

पबजीसारखा खेळ बंदुकीचा आहे, त्यात संगत कुठून आली, असं ज्यांना वाटतं त्यांनी एक सामना शेवटपर्यंत बघावा. शंभर माणसं विमानातून एका बेटावर उतरतात. सुरक्षित वर्तुळ हळूहळू लहान होत जातं, शेवटी जो किंवा जो चमू उरतो तो जिंकतो. आयर्लंडच्या ब्रेंडन ग्रीनची ही कल्पना. ऑनलाइन जगात तो ‘प्लेअरअननोन’, म्हणजे ‘अनोळखी खेळाडू’, या नावानं वावरायचा आणि तेच नाव खेळाला मिळालं. सामना अर्ध्या तासाच्या आसपास चालतो आणि त्यातली प्रत्यक्ष गोळीबाराची मिनिटं मोजकी. उरलेला वेळ चालणं, घरं धुंडाळणं, गाडी शोधणं, झुडपात लपून बसणं. म्हणजे रिकामा वेळ, आणि कानाला लागलेले तीन मित्र. त्या रिकाम्या वेळात कांद्याचा भाव, कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, सरांनी कोणाला काढलं, सगळं होतं. मधेच कोणीतरी ओरडतो, ‘समोर स्क्वॉड आहे’, आणि गप्पा जिथल्या तिथं थांबतात. नंतर बरोबर तिथूनच सुरू होतात.

दुसरी खुबी आणखी बारकी आहे. चौघांच्या सामन्यात गोळी लागली की माणूस लगेच मरत नाही, ‘नॉक’ होतो. गुडघ्यावर रांगत राहतो, जीव हळूहळू ओसरत जातो, आणि तेवढ्या वेळात सोबत्यानं जवळ येऊन काही सेकंद थांबलं तर तो उठतो. ‘नॉक झालो, रिव्हाइव्ह दे’ ही हाक प्रत्येक सामन्यात उठते. ती काही सेकंदं उठवणारा स्वतः उघड्यावर असतो. म्हणजे खेळ रचणाऱ्यानं मुद्दाम अशी जागा ठेवली आहे की तिथं तुम्हाला एकतर स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो, नाहीतर मित्राला सोडून पळावं लागतं, आणि दोन्ही गोष्टी बाकीच्या दोघांना दिसतात. कोण येतो आणि कोण ‘लूट’ गोळा करत बसतो, हे पोरं विसरत नाहीत. गावात असं उधार-उसनं फेडायला एखादा पूर, आजारपण किंवा मयत यावी लागते. इथं दर सामन्याला खातं उघडतं.

आता हे सगळं ज्यावर उभं आहे त्या तारेबद्दल थोडं. खेळाडू ज्याला ‘पिंग’ म्हणतात तो म्हणजे तुमच्या फोनचा निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर सिंगापूरला असला तर नाशिकहून ते अंतर ४ हजार किलोमीटरच्या आसपास, येऊन-जाऊन ८ हजार. म्हणजे वाटेत कुठंही अडथळा नसता तरी ४० मिलिसेकंद लागणारच. त्याच्या खाली जगातली कोणतीही कंपनी उतरू शकत नाही. प्रत्यक्षात टॉवर, राउटर आणि गर्दी यांचा वेळ वर चढतो. गोळीबाराला हा उशीर नडतोच, पण गप्पांनाही नडतो. दहा भाषांच्या संभाषणांचा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो, की एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यातलं अंतर साधारण २०० मिलिसेकंदांच्या आसपास असतं. (त्या दहांत मराठी नव्हती. आपल्याकडे समोरच्याचं संपायची वाट बघण्याची पद्धत कमी, त्यामुळे आकडा उणे आला असता.) आवाजाला याहून बराच जास्त उशीर होऊ लागला की दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, आणि ‘तू बोल, तू बोल’ सुरू होतं. पिंग वाढला की पोरं घरातून गच्चीवर जातात ते बंदुकीसाठी जेवढं, तेवढंच या पाव सेकंदासाठी.

गच्चीवरच असं नाही. कृषिपंपाची वीज पाळीपाळीनं येते, आणि रात्रीची पाळी असली की रानात पाणी भरायला कोणाला तरी जावं लागतं. निफाडचा पारा राज्यात सगळ्यांत खाली उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांतल्या रात्री, शेजारी उभा ऊस, उसात बिबट्या असण्याची शंका. अशा रात्री मोटारीजवळ शेकोटी करून बसलेल्या पोराच्या कानात जर तीन आवाज असतील, एक शेजारच्या रानातला, एक अंबड-सातपूरच्या वसाहतीतून तिसरी पाळी चुकवलेला आणि एक पुण्यातल्या खोलीवरचा, तर त्याला व्यसन म्हणण्याआधी मी दोनदा विचार करीन. पूर्वी अशा वेळी रेडिओ असायचा. रेडिओ उत्तर देत नसे.

ही झाली ओळखीच्यांची गोष्ट. तिघं ओळखीचे आणि चौथा मिळत नाही, तेव्हा काय? पारावर डाव मोडतो. फोनवर खेळच चौथा आणून देतो. पोरं त्याला ‘रँडम’ म्हणतात. तो कोचीचा असेल, कटकचा असेल, काठमांडूचा असेल. त्याची भाषा कळेलच असं नाही. आणि माझ्या मते या साऱ्या प्रकारातली खरोखर नवी गोष्ट हीच आहे. अंतर तर पोस्टकार्डानंही मिटवलं होतं. अनोळखी माणसाला डावात घेणं मात्र आपल्या पाराला कधी जमलं नव्हतं.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्ग यांनी १९८९ च्या पुस्तकात ‘तिसरी जागा’ ही कल्पना मांडली. पहिली जागा घर, दुसरी कामाची, आणि तिसरी अशी की जिथं काही विकत न घेता किंवा थोडक्यात भागवून बसता येतं, जिथं नेहमीचे लोक भेटतात, आणि जिथं बाहेरचा हुद्दा दाराशी ठेवून आत यावं लागतं. वाचताना प्रत्येक मराठी माणसाला पार आठवतो, चावडी आठवते, न्हाव्याचं दुकान आठवतं. पण शेवटच्या अटीपाशी आपली जीभ अडखळायला हवी. हुद्दा दाराशी ठेवून? पारावर वर कोण बसायचं, खाली कोण, आणि जवळून जाताना पायातलं काढून हातात कोण घ्यायचं, हे ज्या गावांत ठरलेलं होतं तिथं पार ही कोणाची तिसरी जागा होती? आजही नवा माणूस आला की तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारलं जातं. ‘कोणते तुम्ही?’ या दोन शब्दांत सगळी चौकशी मावते.

रँडमला आडनाव नसतं. त्याचं नाव ‘किंग’ला दोन टोकांना नक्षी लावून तयार झालेलं असतं. त्याच्या गावाला नदीकाठी घर आहे की गावकुसाबाहेर, हे विचारायला वेळ नसतो आणि विचारून उपयोगही नसतो. तो ‘कव्हर’ देतो की नाही एवढंच कळतं. कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर आणि दिमित्री विल्यम्स या दोन संशोधकांनी २००६ मध्ये ओल्डनबर्गच्या कसोट्या ऑनलाइन खेळांना लावून पाहिल्या आणि म्हटलं, की बहुतेक कसोट्यांना हे खेळ उतरतात. मात्र ते माणसांना जोडतात ते पुलासारखे. वेगवेगळ्या काठांवरच्या लोकांची गाठ पडते, पण रात्री-अपरात्री दार ठोठावावं असं नातं त्यातून सहसा तयार होत नाही. पुलाची उपमा सायखेड्याला समजावून सांगायला नको. पुलानं पलीकडचा बाजार मिळतो, पण पूर आल्यावर माळ्यावर सामान चढवायला पुलापलीकडचा येऊ शकत नाही.

आणि समता म्हणावी तर तीही अर्धीमुर्धीच. आडनाव गेलं, पण अंगावरचे कपडे आले. पैसे देऊन घेतलेल्या पोशाखाला, बंदुकीच्या रंगाला पोरं मान देतात. ज्याच्याकडे फुकटातला साधा गडी आहे त्याला ‘नूब’ म्हणतात. महागडा फोन असलेला आधी बघतो, आधी गोळी मारतो. मुलीचा आवाज माइकवर आला की अनेक चमूंत जे सुरू होतं ते एसटी स्टँडवरच्या टवाळीहून वेगळं नसतं. म्हणून कितीतरी मुली माइक बंद ठेवून, मुलाचं नाव घेऊन खेळतात. लुडोत ज्या बोलत होत्या त्या इथं मुक्या होतात.

खेळ हा गप्पांचा बहाणा असतो, याचा आणखी एक नमुना नाशिकनं टाळेबंदीत पाहिला. नाशिकचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी, विनोदवीर समय रैनाच्या ऑनलाइन मैफलीत येऊन बसू लागला. बुद्धिबळ हा तोंड मिटून खेळायचा खेळ, पण इथं घोडा हलवता हलवता टपल्या मारणं चालू होतं. हजारो लोक ते बघत होते, त्यातल्या अनेकांना उंट कसा चालतो तेही धड माहीत नसावं. बदामवाले बुद्धिबळात शिरले ते असे. त्याच वर्षी फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेनं ऑलिंपियाड ऑनलाइन घेतलं. भारताचा कर्णधार होता विदित. ३० ऑगस्टच्या अंतिम लढतीत रशियाविरुद्ध खेळताना जगभरातल्या इंटरनेट सेवेत बिघाड झाला, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांची जोडणी तुटली आणि घड्याळ चालू राहिलं. दोघं वेळ संपून हरले. भारतानं दाद मागितली आणि सुवर्णपदक दोन्ही देशांत वाटून दिलं गेलं. पिंगनं जगज्जेत्यांच्या पंगतीतल्या माणसांनाही सोडलं नाही, हे कळल्यावर गच्चीवरच्या पोरांना किती बरं वाटलं असेल!

त्यांचं बरं वाटणं तीन दिवस टिकलं. २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं चीनशी संबंध असलेल्या ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याला कारणंही होती. मार्च २०१९ मध्ये हिंगोलीत रुळांजवळ खेळणारे दोन तरुण रेल्वेखाली गेले होते. पण बंदीनं आणखी काय गेलं ते मोठ्यांच्या लक्षात आलं नाही. ज्या रँडमची दोस्ती वाढून रोजची झाली होती, त्याचा ना नंबर होता, ना पत्ता, ना खरं नाव. होती फक्त खेळातली ओळख. ती एका सरकारी आदेशानं मिटली. गावातला मित्र गाव सोडून गेला तर निदान त्याचं घर तिथं असतं. जुलै २०२१ मध्ये त्याच खेळाला बीजीएमआय या नावानं, अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून परत आणलं गेलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर गेला, जुलैत बीजीएमआय पुन्हा गेला, मे २०२३ अखेर पुन्हा आला. नदीकाठच्या माणसांना असं उठणं-बसणं सवयीचं असलं तरी पोरांसाठी ते नवं होतं.

अशी नुसत्या नावाची दोस्ती कितपत खरी, याचं उत्तर नॉर्वेतल्या एका घरानं फार मोठी किंमत देऊन मिळवलं. माट्स स्टेन या मुलाला स्नायू झिजत जाण्याचा, ड्यूशेन नावाचा आजार होता. तो चाकाच्या खुर्चीवर, खोलीत, ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळत बसे. मुलाला मित्र मिळाले नाहीत, कोणाच्या आयुष्यात त्याला जागा मिळाली नाही, ही आई-वडिलांची खंत होती. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या ब्लॉगवर वडिलांनी निधनाची बातमी लिहिली आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. खेळात तो ‘इबेलिन’ नावाचा धट्टाकट्टा गडी होता. कोणाला त्यानं निराशेतून बाहेर काढलं होतं, एका आईला तिच्या मुलाशी बोलण्याची वाट दाखवली होती. अंत्यविधीला त्याच्या चमूतली माणसं दुसऱ्या देशांतून आली. आई-वडील त्यातल्या कोणालाही ओळखत नव्हते. २०२४ मध्ये या हकिगतीवरचा माहितीपट आला. पुलाची दोस्ती पुलाचीच राहते असा जो नियम वर सांगितला, त्याला हा मोठा अपवाद.

अपवादावर धोरण चालत नाही, हेही खरं. जागतिक आरोग्य संघटनेनं खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत जागा दिली आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून यासाठी वेगळी ओपीडी चालते. उलट बाजूला, ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये जवळजवळ ३९ हजार खेळाडूंचा खेळण्याचा प्रत्यक्ष वेळ कंपन्यांकडून मिळवून तपासला, तेव्हा किती तास खेळलं याचा मनःस्वास्थ्यावर जवळपास काहीच परिणाम दिसला नाही. तासांपेक्षा माणूस कशापायी खेळतो हे जास्त महत्त्वाचं निघालं. घड्याळ बघून ओरडणाऱ्या पालकांना हे पटणार नाही, आणि मीही माझ्या घरात ते मोठ्यानं वाचून दाखवणार नाही.

पैशाच्या खेळाची गोष्ट मात्र वेगळी. रमीच्या ॲपमध्ये समोर माणसं असायची पण संगत नसायची. कोणी कोणाशी बोलत नसे, कोणाला उठवायला कोणी येत नसे. चौथा गडी तिथं सोबती नव्हता, सावज होता. जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत बसून मोबाइलवर रमी खेळल्याचा आरोप झाला तो शेजारच्या सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांच्यावर. आपण खेळत नव्हतो, समोर आलेली जाहिरात बंद करत होतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेरीस कृषी खातं काढून त्यांना क्रीडा खातं दिलं गेलं, ही योजना कोणाला सुचली त्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. पुढच्याच महिन्यात संसदेनं ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावायचे खेळ बंद, स्पर्धात्मक ई-स्पोर्ट्सना मान्यता, आणि तिसरा प्रकार कायद्यानंच नाव देऊन वेगळा काढला: ‘सोशल गेम’. केवळ करमणुकीसाठी खेळले जाणारे खेळही असतात, ही गोष्ट राजपत्रात छापून आली. पारावर ती कधी कोणी लिहून मागितली नव्हती.

माइक चालू असला की खेळाबरोबर घरही ऐकू येतं. कुकरच्या शिट्ट्या, म्हशीचं हंबरणं, शेजारच्या वाड्यातलं हरिपाठाचं भजन, आणि ‘जेवायला येतो का आता, का फोन विहिरीत टाकू’ ही आईची हाक. चमूतले बाकीचे तिघं खुसुखुसू हसतात, कारण पाच मिनिटांनी त्यांचीही पाळी असते. आज तिघं सायखेड्याच्या आसपासचे, चौथा रँडम. आल्यापासून एक शब्द बोललेला नाही. मध्येच पलीकडच्या आवाजात एकदम शांतता पसरते, पंखा थांबल्यासारखी, आणि लांबून एक बाई अनोळखी भाषेत कोणावर तरी ओरडते. इकडे कोणीतरी विचारतं, ‘लाइट गेली का भो?’ थोडा वेळ काही नाही. मग तुटक हिंदीत उत्तर येतं: ‘हां भाई. आपके उधर भी?’